तीन चौरस फुटांची वजावट

बिनचूक चुकले, ही बातमी तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर लिफ्टच्याही आधी पोचली.

ज्यांनी चौतीस वर्षं बांधकाम खात्यात भिंती मोजल्या, ज्यांनी मोजलेली भिंत पुन्हा मोजायला साहेबसुद्धा कधी गेले नाहीत, ज्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं आणि बाकी जगात नुसतं ‘बिनचूक’ राहिलं, त्यांनी स्वतःच्या घराच्या रंगाच्या अंदाजपत्रकात चुकावं! आणि चुकावं तरी किती? तीन चौरस फूट. एक उशी मावेल एवढी जागा. शंभर फूट चुकले असते तर लोक हळहळले असते, वय झालं म्हणाले असते, डॉक्टरांचे पत्ते दिले असते. तीनच चुकले म्हणून हसले.

याची सुरुवात लेकीच्या फोनपासून झाली.

“बाबा, मी पंधरा तारखेला येतेय. त्याच्या आधी घर रंगवून घ्या.”

“कशाला? भिंती उभ्या आहेत की.”

“उभ्या आहेत, पण मागच्या वेळी मला बघवल्या नाहीत. आई गेली त्याला वर्ष होईल आता. तुम्ही घरातला एक खिळासुद्धा हलवला नाहीये. रंगाऱ्याला बोलवा, तो बघून सांगेल किती लागेल ते.”

“रंगारी बघत नाही, रंगारी हुंगतो,” बिनचूक म्हणाले. “दारात उभा राहतो, नाक वर करतो आणि म्हणतो, चार डबे. चारच का? साडेतीन का नाही? विचारलं तर म्हणतो, जास्तीचं असलेलं बरं. माझ्या कागदावर आजवर जास्तीचं काही नव्हतं. मी मोजतो.”

“मोजा,” लेक म्हणाली. पोरगी शहाणी. निदान उठून काहीतरी करतील, एवढंच तिच्या मनात होतं.

आता, टेपला दोन टोकं असतात. ही गोष्ट बिनचूक यांना एवढ्या आयुष्यात कधी अडली नव्हती. ऑफिसात दुसऱ्या टोकाला शिपाई असायचा आणि घरात ती, लेकीची आई, असायची. घर दर सहा-सात वर्षांनी रंगायचं आणि दर वेळी बिनचूक ते नव्याने मोजायचे. ती हातातलं काम टाकून यायची, टेपचं टोक कोपऱ्यात दाबून धरायची आणि विचारायची, “किती?”

“अकरा फूट चार इंच.”

“मागच्या खेपेलाही तेवढंच होतं. भिंत काय वाढत्या अंगाची आहे?”

यावर बिनचूक नुसतं “हलू नकोस” म्हणायचे.

या खेपेला त्यांनी टेपचं टोक कोपऱ्यात ठेवलं आणि त्यावर इस्त्री ठेवली. चार पावलं गेले. इस्त्री कलंडली, टेप सुटला आणि चौतीस वर्षांचा इमानी टेप सपकन येऊन मालकाच्याच नाकावर बसला. मग त्यांनी टोक दाराच्या कडीला बांधलं. तर नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि टेपसकट समोरचे विमावाले आत आले.

विमावाले म्हणजे समोरच्या बिऱ्हाडातले विम्याचे एजंट. लोकांच्या मरणाचा अंदाज काढून पोट भरणारा माणूस, त्यामुळे बाकीचे अंदाज त्याला किरकोळ वाटत.

“काका, नाकाला काय झालं?”

“मोजमाप.”

“अहो, एवढं मोजत काय बसता? घराचं जेवढं क्षेत्रफळ तेवढ्याला साडेतीननं गुणायचं. झाल्या भिंती! माझ्या मेव्हण्यानं तसंच केलं.”

“पुरला त्याला रंग?”

“उरला की! जिन्याला लावला, सायकलीला लावला, तरी उरला. सासऱ्यांच्या खाटेला लावला.”

बिनचूक यांनी डोळे मिटून घेतले. पण दुसरं टोक धरायला माणूस हवाच होता. विमावाल्यांनी टोक धरलं आणि बोलू लागले. बोलताना ते हातवारे करत, त्यामुळे झोपायच्या खोलीची भिंत आधी अकरा फूट एक इंच भरली, मग मुलांच्या शिक्षणाची योजना सांगताना अकरा फूट नऊ इंच झाली आणि म्हातारपणाच्या तरतुदीपाशी साडेबारा फुटांवर गेली. प्रत्येक भिंत तीन-तीनदा मोजत संध्याकाळ झाली. समोरून त्यांच्या बायकोची हाक आली तेव्हा कुठे विमावाले गेले आणि बाहेरच्या खोलीची पूर्वेकडची भिंत तेवढी राहिली.

त्या भिंतीपाशी बिनचूक एकटे उभे राहिले.

तिथे वेताचं बुटकं स्टूल होतं. ती त्यावर बसायची. भाजी निवडताना, बटणं लावताना, लेकीशी फोनवर बोलताना पाठ भिंतीला आणि डोकं मागे टेकलेलं. तिच्या केसांच्या तेलानं भिंतीवर एक गोल डाग पडला होता. कडेला फिकट, मध्ये गडद, ओल्या मातीच्या रंगाचा. या डागावरून बिनचूक आयुष्यभर कुरकुरले होते. एकदा त्यांनी तिथे वर्तमानपत्र चिकटवलं, तर तिने बातम्यांसकट त्यालाही तेल पाजलं.

“भिंत खराब होते,” ते म्हणायचे.

“भिंत आहे म्हणून टेकते,” ती म्हणायची. “तुम्ही एका जागी बसलात कधी, टेकायला?”

आणि मग मुद्दाम, त्यांना ऐकू जाईल अशी गुणगुणायची:

*भिंत माझी गं सोयरी, तिला सांगते मनातलं,*
*तोंड नाही तिला बाई, कुठे बोलेल आतलं.*

शेवटच्या दिवसांत तिला पलंगावर पडवत नसे, श्वास लागे. तेव्हा ती रात्रंदिवस तिथेच बसून असायची, दोन उशा कमरेला आणि डोकं त्या जागी. डाग त्या दोन महिन्यांत गडद झाला. बिनचूक तेव्हा काही बोलले नव्हते. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं त्यांना आता वाटे. नवरा कुरकुरतोय म्हणजे सगळं ठीक चाललंय, असा तिचा जन्माचा हिशेब होता.

त्यांनी पेन्सिल काढली. डागाभोवती एक चौकट आखली. दोन फूट रुंद, दीड फूट उंच. मग टेबलाशी बसून सगळ्या खोल्यांचं अंदाजपत्रक लिहिलं, चार पानी, समास सोडून. शेवटी वजावटीचा तक्ता. दारं पाच, खिडक्या चार, मोरीचा झरोका एक. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात: बाहेरची खोली, पूर्वेची भिंत, दोन बाय दीड, तीन चौरस फूट वजा.

एकूण रंगवायची जागा सोळाशे दहा चौरस फूट. दोन हात मारायला सत्तर फुटांना एक लिटर. बरोबर तेवीस लिटर. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. वर्षभर झोप नीट लागत नव्हती, त्या दिवशी त्यांना दिवेलागणीलाच जांभई आली.

पण त्या इमारतीत भिंतीला हात लावायचा तर सोसायटीची परवानगी लागे. कुणीतरी एकदा उरलेला रंग मोरीत ओतून सगळ्यांचे सांडपाण्याचे नळ तुंबवले होते. तेव्हापासून अर्ज तीन प्रतींत, सोबत अंदाजपत्रक आणि काम झाल्यावर ‘रंग उरला नसल्याचा दाखला’. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे बिनचूक यांचाच जुना चेला. खात्यात त्यांच्या हाताखाली मोजणी शिकला आणि आता तपासणीच्या खुर्चीत बसलेला. गुरूचा कागद म्हणून त्याने तो नुसता सही करून सोडायला हवा होता. पण गुरूनेच त्याला शिकवलं होतं की कागद कुणाचाही असो, तपासायचा.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. वजावटीच्या शेवटच्या ओळीखाली लाल शाईची रेघ आणि समासात लिहिलेलं: ‘ही उघडी जागा कसली? खुलासा व्हावा.’

बिनचूक तडक त्याच्याकडे गेले.

“सर, बसा ना,” सेक्रेटरी उठून उभा राहिला. “मी स्वतः येणार होतो. त्या भिंतीला खिडकी नाहीये हो.”

“नाहीये.”

“कपाट?”

“नाही.”

“मग वजा काय केलंत?”

“जागा.”

“कसली जागा?”

बिनचूक यांनी खिडकीबाहेर पाहिलं. सांगायला काय होतं? साडेचार शब्दांची गोष्ट. पण जे तोंड आयुष्यभर फुटाइंचांशिवाय काही बोललं नाही, त्या तोंडात हे साडेचार शब्द बसेनात.

“आणि समजा असली काही जागा,” सेक्रेटरी आवाज मऊ करून म्हणाला, “तरी सर, पाच चौरस फुटांच्या आतली जागा आपण वजा करत नाही. खात्याचा नियम आहे. तुम्हीच फळ्यावर लिहून दिला होतात. एवढ्याशा जागेनं फरक पडत नाही, म्हणाला होतात.”

“म्हणालो होतो.”

“मग ही नजरचूक धरू?”

दारात विमावाले उभे होते. ते कुठल्याही दारात, कुठल्याही वेळी उभे असत.

“धरा,” बिनचूक म्हणाले.

सेक्रेटरीने तीन चौरस फूट वजावटीतून काढले. जागा झाली सोळाशे तेरा. तेवीस लिटर थोडक्यासाठी पुरेनात, म्हणून मंजुरी चोवीस लिटरला मिळाली. आणि संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावरची शाळकरी पोरंसुद्धा एकमेकांना विचारू लागली, “तीन फूट कुठे गेले?”

रंगाच्या दुकानात बिनचूक यांनी कपाटामागून खरवडलेला भिंतीचा पापुद्रा कागदाच्या पुडीतून नेला. असाच्या असा रंग हवा, सायीचा, सात वर्षांपूर्वीचा. दुकानदाराने मशीनमध्ये घालून मिळवून दिला.

“चोवीस ना, काका?”

“तेवीस.”

“मंजुरी चोवीसची आहे म्हणे. विमावाले सांगत होते. रंग कमी पडला तर नंतर असाच्या असा पुन्हा मिळत नाही हं. वाटल्यास एक जास्तीचा...”

“तेवीस,” बिनचूक म्हणाले.

कारण आता त्यांचा बेत ठरला होता आणि तो पुरता कागदावर उतरलेला होता. खुलासा द्यायचा नाही. भांडायचं नाही. रंगाऱ्याने आतल्या खोलीपासून सुरुवात करायची आणि शेवटी बाहेरच्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीवर यायचं. खिडकीकडून स्टुलाकडे यायचं. तेवीस लिटर संपतील ते त्या चौकटीच्या काठावर. मग हात उडवून म्हणायचं, काय करणार, संपला. लोक हसतील. हसू देत. बिनचूक चुकले तर चुकले, पण चौकट राहील.

असा बेत ऐकून एखादा चोरही चाट पडला असता. स्वतःच्या घरात, स्वतःच्याच भिंतीचा तुकडा चोरायचा आणि चोरीचा आळ अंकगणितावर घालायचा!

रंगारी पन्नाशीचा होता, कमी बोलणारा. त्याच्या हातांच्या रेषांत वीस घरांचे रंग होते. त्याने अंदाजपत्रक मागून घेतलं आणि चारही पानं उलटून पाहिली.

“काका, असा कागद मला कुणी दिला नव्हता,” तो म्हणाला. “सगळे म्हणतात, लाव आणि कमी पडला की सांग. तुम्ही कोपरेसुद्धा मोजलेत.”

त्या दिवसापासून त्याने बिनचूक यांना गुरू मानलं, हीच खरी पंचाईत झाली.

पाच दिवस काम बिनबोभाट चाललं. दर संध्याकाळी बिनचूक उरलेला रंग काठीने मोजत आणि कागदाशी ताडून पाहत. दुसऱ्या दिवशी अर्ध्या कपाचा फरक निघाला, तर त्यांनी रंगाऱ्याच्या सदऱ्यावरचे डाग धरून तो जुळवला. सहाव्या दिवशी सकाळी पूर्वेची भिंत तेवढी राहिली आणि डब्यात अगदी हवा तेवढाच रंग. रोलर खिडकीकडून सरकू लागला. बिनचूक स्टुलावर हात ठेवून उभे राहिले. चौकटीपासून चार फूट. तीन फूट.

आणि खालून सोसायटीचा शिपाई आला. जिन्यात रंग सांडलाय, सेक्रेटरी बोलावतायत.

“नंतर येतो म्हणावं.”

“ते म्हणाले, भला मोठा डाग आहे, हातभर लांब.”

“हातभर?” बिनचूक यांना हे सोसवेना. हातभर म्हणजे किती? कुणाचा हात? त्यांनी टेप उचलला आणि जिना उतरले.

डाग पाच इंच बाय तीन इंच होता. तो हातभर नाही हे सिद्ध करायला, तक्रारअर्जातल्या ‘भला मोठा’ या शब्दांवर हरकत घ्यायला आणि ‘मध्यम’ असा शब्द सुचवून तो मंजूर करून घ्यायला चाळीस मिनिटं लागली. बिनचूक जिंकले. जिंकून वर आले.

रंगारी दारातच उभा होता. त्याचं तोंड आनंदानं फुललं होतं.

“काका! पुरवला!”

“काय?”

“रंग! ते विमावाले रोज सांगत होते, काकांचा हिशेब चुकलाय, रंग कमी पडणार, इमारतीत हसं होणार. मी म्हटलं, ज्यानं कोपरे मोजले त्याचं हसं? माझ्या हातून? मग पहिल्या दिवसापासून रोलर पिळून पिळून वापरला. आज डबा विसळून घेतला, झाकणं पुसून घेतली. बघा, एक इंच नाही राहिला. तुमचे तेवीस म्हणजे तेवीस!”

भिंत ओली होती. खिडकीपासून दारापर्यंत सलग, सायीसारखी, गुळगुळीत. स्टुलाच्या वर काही नव्हतं. पेन्सिलची रेघसुद्धा नाही.

बिनचूक यांनी खूप वेळ भिंतीकडे पाहिलं. मग त्या भल्या माणसाला म्हणाले, “छान केलंत.” असं म्हणून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. रंगाऱ्याला वाटलं, काका भारावले.

इमारतीत बिनचूक यांचं नाव पुन्हा उजळलं. सेक्रेटरी येऊन पाया पडून गेला. गुरूंचे तेवीस खरे ठरले, माझे चोवीस चुकले, म्हणाला. विमावाले रंगाच्या दुकानदाराशी लावलेली पैज हरले आणि त्यांना त्याला जेवण द्यावं लागलं. इतका मान बिनचूक यांना निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता. ते दार लावून घेत आणि स्टुलासमोर खुर्ची ओढून बसत. भिंत कोरी. तिच्याकडे बघून बघून डोळ्यांपुढे आपोआप एक गोल फिरे, तो खरा नसे. एकदा त्यांनी भिंतीला नाक लावून पाहिलं. नव्या रंगाचाच वास आला.

“खराब होऊ द्यायची होती,” ते भिंतीला म्हणाले. भिंतीला तोंड नव्हतं.

बाराव्या तारखेला सकाळी चहाचा कप घेऊन ते बसले, तर स्टुलाच्या वर काहीतरी पिवळसर दिसलं. डोळे चोळले. चष्मा पुसला. दुपारपर्यंत ते तिथेच होतं. दुसऱ्या दिवशी थोडं आणखी. जुन्या ओळखीचं माणूस गर्दीतून हळूहळू पुढे येतं तसं, कडेला फिकट, मध्ये गडद.

चौदा तारखेला ‘रंग उरला नसल्याचा दाखला’ द्यायला सेक्रेटरी आला. मागून विमावाले आले. आणि पैशांचा शेवटचा हप्ता न्यायला रंगारीही आला. तिघं भिंतीसमोर उभे राहिले.

“अरे, हे काय वर आलं?” सेक्रेटरी म्हणाला.

“तेल आहे,” रंगारी ओशाळला. “खाली अस्तर मारायला हवं होतं, माझीच चूक. दहा मिनिटांचं काम आहे, काका. पिशवीत अस्तर आहे. एकदा मारलं की पुन्हा दर्शन नाही.”

तो पिशवी उघडणार तोच बिनचूक पुढे झाले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. नाकावरची जखम अजून पुरती बुजली नव्हती. दोन्ही हात मागे भिंतीला टेकलेले.

“नको.”

“पण सर, एवढ्या छान भिंतीवर...”

“हिशेब माझा चुकला. लिहा. अंदाज चुकला, चूक मोजणाऱ्याची, दुरुस्ती करायची नाही. कुठे सही करू?”

चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणाच्या तरी कागदावर शेकडो वेळा लिहिलं होतं, फक्त त्याचा शेवट ‘दुरुस्ती तातडीने करावी’ असा असायचा. सेक्रेटरी गोंधळून रंगाऱ्याकडे बघू लागला.

रंगाऱ्याने स्टुलाकडे पाहिलं. मग डागाकडे. स्टुलापासून डागापर्यंत त्याची नजर एकदा वर गेली, एकदा खाली आली. उंचीचा अंदाज घ्यायला त्याला टेप लागत नव्हता. त्याने पिशवीची चेन लावली.

“साहेब, हे तेल अस्तराला दाद देत नाही,” तो म्हणाला.

“आत्ताच तर म्हणालात, पुन्हा दर्शन नाही!”

“आत्ता नीट बघितलं.”

विमावाले काहीतरी बोलणार होते. रंगाऱ्याने त्यांना पिशवीचं एक टोक धरायला दिलं आणि त्यांच्यासकट ती दाराबाहेर नेली.

पंधरा तारखेला लेक आली. बॅग ठेवली, घरभर फिरली, छान झालंय म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत येऊन थांबली. मग स्टुलाशेजारी खाली जमिनीवर बसली.

“रंगाऱ्यानं सोडलं?”

“वर आलं. आपोआप.”

तिने डागावर तळवा ठेवला, काढला. टेबलावर अंदाजपत्रक पडलं होतं, लाल रेघेसकट. तिने ते उचलून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग टेप घेतला, त्याचं टोक डागाच्या एका कडेला दाबून धरलं आणि दुसरं वडिलांच्या हातात दिलं.

“किती?” ती म्हणाली.

बिनचूक यांनी चष्मा सारखा केला. “नऊ इंच.”

“आणि उभं?”

“सात.”

“बाबा, इथे तर दोन फूट बाय दीड फूट लिहिलंय. एवढं जास्तीचं? तुम्ही?”

बिनचूक यांनी टेप हळूच गुंडाळायला घेतला. पुन्हा नाकावर बसू नये म्हणून नव्हे. त्यांना दिसत नव्हतं नीट.

“ती बोलताना मान हलवायची,” ते म्हणाले.